तुझा पिंट, माझा अर्धा लिटर

ताई, सव्वीस वर्षं तुला अहो-जाहो केलं. थोरली जाऊ म्हणून केलं, सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं म्हणून केलं, आणि खरं सांगायचं तर तुझ्यापासून चार हात लांब राहता यावं म्हणूनही केलं. तू गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले. आजपासून मी तुला अगं-तुगं करणार. राग आला तर ये आणि सांग.

तेरा दिवस माणसांची रीघ होती. नालासोपाऱ्यातली, विरारची, आगाशीची. कामणच्या गोदामात कामाला असलेले ते तिघेही आले, दर रविवारी एवढ्या लांबून आपल्या हॉटेलात येऊन बसणारे. प्रत्येकाकडे तुझी एकेक गोष्ट. मी चहा देत होते आणि ऐकत होते. "काय हात होता बाईचा!" "कधी हात आखडला नाही हो." मेल्या म्हशीला मणभर दूध, असं अगदी ओठांवर आलं होतं. चहाबरोबर गिळलं. आगाशीचे पास्कू अंकल, आपलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, रुमालाने डोळे पुसत मला म्हणाले, "तुझ्या जावेचा पिंट म्हणजे पिंट होता. तुझा मग पण बरोबर असतो हां. एकदम बरोबर." बरोबर हा शब्द एवढा झोंबू शकतो हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

हो, मी जळते तुझ्यावर. लिहूनच टाकते एकदाचं. जिवंत होतीस तेव्हा जळत होते, आणि आता तू फोटोत जाऊन बसलीस तरी जळतेच आहे. माणूस गेलं की सगळं निवतं म्हणतात. माझं नाही निवलं.

ते मग मात्र सुंदर होते, हे मी कधी नाकारलं नाही. मोठे भाऊजी जहाजावरची नोकरी सोडून आले ते इंग्लंडच्या कुठल्याशा बंदरातून डझनभर काचेचे मग घेऊन. जाड बुडाचे, दांडीवाले, कडेला बारीकसा मुकुट. तिथल्या सरकारचा शिक्का म्हणे, की या मगात अगदी काठोकाठ भरली तर बरोब्बर एक पिंट मावते. कळंबला सुरूच्या झाडांखाली आठ टेबलं मांडून त्यांनी हॉटेल काढलं, मागे चार खोल्या बांधल्या, काउंटरवर बीअरचा नळ बसवला आणि बोर्डवर लिहिलं, पिंट. भाऊजी लवकर गेले. नळ, मग, बोर्ड आणि गिऱ्हाईकं, सगळं तू चालवलंस, आणि मी काउंटरला उभी राहिले.

आठवतं, तुळिंजची पोरं पहिल्यांदा आली की काय व्हायचं? त्यांच्याकडे पिंट म्हणजे बीअरची छोटी बाटली. ती ऐटीत म्हणायची, "काकी, एक-एक पिंट," आणि तू समोर हा एवढा मोठा मग आणून ठेवायचीस. पोरांचे डोळे पांढरे. तू पदराने तोंड दाबून हसायचीस आणि पोरं तुझी होऊन जायची. मीही तुळिंजचीच. माझ्या माहेरी बीअर फक्त केसांना लावायला आणायचे, तीही वर्तमानपत्रात गुंडाळून. पण माझ्या गावची पोरं माझी कधी झाली नाहीत.

लग्नाआधी मी शाळेच्या प्रयोगशाळेत होते, तुला माहीत आहे. काचेच्या नळीतलं पाणी डोळ्यांच्या समोर धरून, रेघेवर कुठे आहे ते बघून वाचायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं. तुझ्या त्या पिंटाने मला पहिल्या दिवसापासून खाज सुटली. मी म्हणायचे, "दूध लिटरने घेतो, रॉकेल लिटरने घ्यायचो, गाडीत पेट्रोल लिटरने घालतो. बीअरलाच तेवढा मुकुट कशाला?" तू म्हणायचीस, "आगं, इंग्लंडात आजून पिंटच देतात." मी म्हणायचे, "इंग्लंडात राणीही आहे. कळंबला कोण आहे?" त्यावर तू शांतपणे कांदा चिरत म्हणायचीस, "मी हाय ना."



मग ते वजनमापवाले साहेब आले. बोर्डकडे बोट दाखवून विचारलं, "पिंट म्हणजे किती?" तू दोन्ही हातांनी मगाचा आकार करून दाखवलास आणि म्हणालीस, "भरून येवढं." साहेब हसले. तुझ्यावर कोणी चिडत नसे, हा एक वेगळाच त्रास होता. मी पुढे झाले. "पाचशे अडुसष्ट मिली, साहेब." साहेब म्हणाले, "मग तसं लिहा. इथे मिलीच चालतं." मला त्या दिवशी आकाश ठेंगणं झालं होतं. मी स्वतः खडूने लिहिलं, ५६८ मि.ली. आणि त्याच आठवड्यात दोन डझन नवे मग आणले, अर्ध्या लिटरचे, पाचशेवर पांढरी रेघ, रेघेच्या वर फेसाला जागा. फेस वेगळा, बीअर वेगळी. कोणाची फसवणूक नाही, कोणाचे उपकार नाहीत.

तू ते मग हातात घेतलेस, उलटसुलट करून पाहिलेस. "बरे हायेत गं," म्हणालीस. "सोलकढीला." आणि खरंच त्यात सोलकढी दिलीस! मेल्ये, सहा वर्षं माझ्या मगांत सोलकढी दिलीस तू. मी काउंटरवरून कोणाला अर्ध्या लिटरच्या मगात बीअर दिली की तो आधी तुझ्याकडे बघायचा, काही चुकलंय का माझं, अशा चेहऱ्याने.

मी किती वेळा सांगितलं तुला, की पिंटाचा मग काठोकाठ भरला तरच पाचशे अडुसष्ट. तू भरतेस त्यात वर दोन बोटं फेस. तो फेस कोणाच्या बापाचा? बोर्डवर माझ्या अक्षरात आकडा लिहिलाय, उद्या कोणी मोजलं तर? तू म्हणायचीस, "पिताना कोन मोजतंय?" आणि फेस खाली बसला की हातात तो पोचे पडलेला स्टीलचा जग घेऊन टेबलांमधून फिरायला निघायचीस. "बसला काय फेस?" असं म्हणत प्रत्येकाच्या मगात वर थोडी घालायचीस. थोडी म्हणजे किती, ते देवाला ठाऊक. कोणाला घोटभर, कोणाला त्याहून जास्त. कामणच्या त्या तिघांतल्या एकाचं काम सुटलं होतं, त्याच्या टेबलावर तू जगच ठेवून आलीस आणि समोर खुर्ची ओढून बसलीस. मी काउंटरवरून बघत होते. मला वाटायचं, निघाली बाई गौळण, वाहवा गोळा करायला.

तुझ्या त्या बारा मगांतले आता आठ राहिलेत. तीन आपोआप फुटले. चौथा मी फोडला. चुकून नाही, ताई. माझ्या केतकीच्या दहावीचा निकाल लागला तेव्हा ती शाळेतून धावत आली, काउंटरवर मी उभी होते, माझ्या समोरून गेली आणि आत स्वयंपाकघरात तुझ्या गळ्यात पडली. "मोठी आई, पास!" माझ्या हातात तुझा मग होता. मी तो सोडला. नुसता सोडला. आवाज ऐकून तू बाहेर आलीस, जमिनीकडे बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस, आणि म्हणालीस, "हात कापला नाय ना तुझा?" स्वतः वाकून काचा गोळा केल्यास. तुला कळलं होतं. मला माहीत आहे तुला कळलं होतं. निदान एकदा शिवी तरी घालायची होतीस. मला बरं वाटलं असतं.

खरं दुखणं तिथेच आहे. बीअर आणि मग हे सगळं वरवरचं. केतकी माझी एकुलती एक लेक, आणि मला म्हणायची नुसती आई. तुला म्हणायची मोठी आई. घराघरांत म्हणतात, त्यात काय मोठं, असं माझ्या नवऱ्याने मला शंभरदा समजावलं. त्याला काय जातंय समजवायला! ती जन्मली तेव्हा मी दोन महिने अंथरुणाला खिळले होते, ताप उतरत नव्हता. तू तिला रात्रंदिवस छातीशी घेऊन फिरलीस. मी बरी होऊन तिला घेतली तर ती माझ्याकडे रडली आणि तुझ्याकडे गप्प झाली. ते रडणं अजून माझ्या कानात आहे. पुढे ताप आला की तुझ्याकडे, मैत्रिणीशी बिनसलं की तुझ्याकडे. कॉलेजात कोणीतरी आवडलं, ते तुला आधी कळलं, मला चार महिन्यांनी, तेही शेजारणीकडून. तुला मूल नव्हतं. म्हणून मी गप्प राहायचं, असा अलिखित कायदा होता घरात. मी पाळला. आतून मात्र तिळपापड.

त्या दोन महिन्यांबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर कबूल करावं लागलं असतं की तू नसतीस तर पोर जगली नसती. आता कबूल करते. तू नसतीस तर ती जगली नसती. हे लिहितानाही मला तुझा रागच येतोय, काय करू?

आणि रविवारची दुपार. खोल्यांतली माणसं सामान बांधून गेली की तू दोन मग भरायचीस, एक तुला, एक मला. हातपाय पसरून सुरूखाली बसायचो. माझा मग थोडा खाली गेला की तू जग घेऊन वाकायचीस. "बसला काय फेस?" आणि मी मगावर तळहात ठेवायचे. "पुरे. माझं माप झालं." दर रविवारी तू वाकायचीस, दर रविवारी मी हात ठेवायचे. इतकी वर्षं एकदाही हात काढला नाही. तूही एकदाही वाकायचं सोडलं नाहीस. कोण जास्त हट्टी, ते ठरायचं राहूनच गेलं.

चौदाव्या दिवशी सकाळी हॉटेल उघडायच्या आधी मी एकटी गेले. तुझा एक मग घेतला. नळ तू जसा एका दमात सोडायचीस तसा सोडला, वर दोन बोटं फेस येऊ दिला. मग फेस पूर्ण बसेपर्यंत वाट पाहिली, आणि ती बीअर स्वयंपाकघरातल्या मोजपात्रात ओतली. डोळे रेघेच्या समोर आणून वाचलं. चारशे सत्तर.

पुन्हा केलं. चारशे पासष्ट. तिसऱ्यांदा केलं. चारशे पंचाहत्तर.

ताई, मी अक्षरशः नाचले गं. त्या रिकाम्या हॉटेलात, सुतक नुकतंच फिटलेलं, आणि मी पन्नाशीची बाई काउंटरमागे एकटी हसत होते. तुझा पिंट माझ्या अर्ध्या लिटरपेक्षा कमी होता! मी रेघेपर्यंत पाचशे देत होते आणि कद्रू ठरले. तू पावणेपाचशेच्या आत देत होतीस आणि दिलदार ठरलीस. सगळी माणसं मग केवढा आहे ते बघत होती, आत किती आहे ते कोणी बघितलंच नाही. बिलाच्या वहीचं एक पान फाडून मी तिन्ही आकडे लिहिले आणि पर्समध्ये ठेवले. आता येऊ दे पास्कू अंकलला. येऊ दे केतकीला. कोण मोठी ते बघूच.

वरून जे घालायचीस ते मी मोजलं नव्हतं. मोजणार कसं? माझ्याकडे तुझा जग होता, पण त्यातून कोणाला किती, ते तुझ्याबरोबर गेलं. हे मला तेव्हाच कळलं होतं, नाही असं नाही. मी ते त्या कागदावर लिहिलं नाही, एवढंच.

शनिवारी हॉटेल उघडलं. केतकीने आठ दिवसांची रजा वाढवून घेतली होती. काउंटरपाशी उभी राहून ती म्हणाली, "आई, एक सांगू? तुझंच बरोबर होतं. पिंट-बिंट बंद करू. मेनूवर सरळ पाचशे मिली लिहू, तुझेच मग काढ. मोठ्या आईचे आठही मी वर फळीवर ठेवते, आता ते फुटायला नकोत." सहा वर्षं ज्यासाठी भांडले ते पोरीने एका वाक्यात देऊन टाकलं. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, बघा, जावेचे मग देवघरात आणि माझे मोरीत.

पहिलं टेबल पास्कू अंकलचंच. केतकीने माझ्या मगात बीअर दिली, पांढऱ्या रेघेला लागून, एक थेंब इकडेतिकडे नाही. त्यांनी मग उजेडाकडे धरला आणि हळूच मला म्हणाले, "राग मानू नको. पण ताईच्या पिंटात जास्त असायची."

माझी पर्स काउंटरवरच होती. चेन उघडी. केतकी माझ्या शेजारी उभी होती, फडक्याने तुझा जग पुसत. ती काय ऐकते आहे ते मला दिसत होतं. तो कागद काढायला मला दोन क्षण लागले असते. आकडे माझे होते, खरे होते, तीनदा मोजलेले होते. आणि माझी खात्री होती की पोर हुशार आहे, आकडे बघितले की ती मान्य करेल. पुढच्या खेपेला कोणी तुझं नाव काढलं की तिला ते चारशे सत्तर आठवेल. मला तेच तर हवं होतं, ताई. तिच्या मनात तू जेवढी आहेस, त्यातून थोडी कमी व्हायला हवी होतीस.

मी पर्सवर हात ठेवला आणि म्हणाले, "हो अंकल. तिच्यात जास्तच असायची."

का म्हणाले ते मला विचारू नकोस. मी काही तुझ्यासारखी दिलदार नाही. कागद फाडलेला नाही, अजून पर्समध्ये आहे, आणि कधी फारच भडका उडाला तर काढून वाचीनही. पण पोरीच्या तोंडाकडे बघून माझी जीभ फिरली. दोन महिने तू तिला दिलेस, त्याचं मोजपात्र माझ्याकडे नाही. तेवढ्यापुरतं मी तोंड बंद ठेवलं असं समज. उपकार मानू नकोस.

काल रविवार होता. दुपारी माणसं गेली. मी सवयीने सुरूखाली जाऊन बसले आणि मग लक्षात आलं की भरून आणणारी नाही. उठणार होते. तेवढ्यात केतकी आली, दोन मग घेऊन. माझेच, अर्ध्या लिटरचे. एक माझ्यापुढे ठेवला, एक स्वतःला घेतला. ती म्हणाली, "मोठी आई तुझ्याबद्दल नेहमी एक सांगायची." मी कान टवकारले. "म्हणायची, तुझ्या आयशीच्या हातून एक थेंब जास्त जानार नाय, आन एक थेंब कमी पन जानार नाय. दुकान तिच्या जिवावर चाललंय, मी नुसती बडबडते." मी म्हटलं, "कधी म्हणाली?" केतकी म्हणाली, "नेहमीच." मग मला का नाही म्हणालीस गं? सव्वीस वर्षांत एकदा? मला वाटतं, मी मगावर हात ठेवायचे तसाच तिथेही कुठेतरी ठेवलेला असणार.

फेस बसला होता. बीअर रेघेच्या थोडी खाली आली होती. केतकी उठली, आत गेली आणि तुझा तो पोचे पडलेला जग घेऊन आली. माझ्या अंगावरून वाकली, अगदी तू वाकायचीस तशी, एक हात माझ्या खांद्यावर. "बसला काय फेस, आई?"

माझा तळहात आपोआप मगावर गेला. इतक्या वर्षांची सवय. "पुरे" हा शब्द घशापर्यंत आला होता. ती जग धरून तशीच उभी राहिली. वाकायचंही तिने तुझ्याकडूनच उचललंय, थांबायचंही. माझ्याकडून काय उचललंय ते मी शोधतेच आहे.

मी हात काढला. तिने घातली. पांढऱ्या रेघेच्या किती वर गेली, ते मी पाहिलं नाही.